नाताळची उपासना आणि देहधारणाचा सिद्धांत : एका सणाचा इतिहास

प्रस्तावना

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना तांत्रिक विषयांबरोबर मानव्यविद्येचाही एक विषय घ्यावा लागतो. त्या वर्गात 'नाताळ म्हणजे काय?' असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर येते : "सर, येशू ख्रिस्ताचा वाढदिवस." हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नाताळ हा केवळ वाढदिवस असता, तर येशूनंतरच्या पहिल्या तीन शतकांत तो साजरा होत असल्याचा ठोस पुरावा का मिळत नाही, याचे उत्तर देता येत नाही.

रोमन कॅथलिक चर्चमधील एका प्रथेपासून आपण सुरुवात करू. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, सर्व जण उभे राहून श्रद्धासार म्हणतात. श्रद्धासार म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे थोडक्यात केलेले विधान. परमेश्वराच्या पुत्राने पवित्र आत्म्याच्या योगे कुमारी मरियेपासून देह घेतला आणि तो माणूस झाला, अशा आशयाचे एक वाक्य त्यात आहे. एरवी या वाक्याशी लोक मस्तक नमवतात. नाताळच्या दिवशी मात्र सगळे गुडघे टेकतात. वर्षातून दोनच सणांना असे होते : २५ डिसेंबरला आणि मरियेला देवदूताने संदेश दिला त्या घटनेच्या सणाला, म्हणजे २५ मार्चला. या दोन तारखांमध्ये बरोबर नऊ महिन्यांचे अंतर आहे.

गुडघे टेकण्याइतके त्या वाक्यात काय आहे आणि ते कोठून आले, हे या पाठात आपण पाहू. त्यासाठी सणाचा आणि सिद्धांताचा इतिहास बरोबरीने वाचावा लागेल.

१. 'देहधारण' या शब्दाचा अर्थ

लॅटिनमध्ये या सिद्धांताला 'इनकार्नात्सिओ' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'कारो' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ मांस. मूळ ग्रीक 'सार्क्स' या शब्दाचा अर्थही तोच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आरंभी देवाजवळ असलेल्या 'लोगोस'विषयी सांगितले आहे, आणि हा लोगोस पुढे देह झाला असे म्हटले आहे. मराठी बायबलमध्ये लोगोसला 'शब्द' म्हणतात. ग्रीक तत्त्वज्ञानात मात्र लोगोस म्हणजे विश्वाला धारण करणारे बुद्धितत्त्वसुद्धा.

हे विधान त्या काळच्या सुशिक्षित ग्रीक वाचकाला धक्का देणारे होते. त्याच्या दृष्टीने बुद्धितत्त्व शुद्ध, अविकारी आणि शाश्वत होते, तर मांस भुकेचे, घामाचे आणि मरणाचे. या दोन गोष्टी एकत्र येणे त्याला अशक्य वाटे. म्हणून आरंभीच्या काळातच काही गटांनी सोपी वाट काढली : ख्रिस्ताचा देह खरा नव्हता, तो केवळ भास होता. या मताला इतिहासकार 'दोकेतवाद' म्हणतात. ग्रीकमध्ये 'दोकेइन' म्हणजे भासणे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने आपल्या पत्रांतून या मताला कडाडून विरोध केला. ख्रिस्त खरोखर जन्मला, खरोखर जेवला आणि खरोखर मेला, हा त्याचा आग्रह होता. पहिला वाद देवत्वावर नसून देहावर होता, ही गोष्ट लक्षात ठेवा.

२. सण नसलेली तीन शतके

चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत जन्मकथा नाही. मत्तय पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची आणि ताऱ्याची हकिकत सांगतो. लूक मेंढपाळांची आणि गव्हाणीची हकिकत सांगतो. जन्माची तारीख कोणीच देत नाही. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचा मोठा सण पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा होता. हुतात्म्यांचे स्मरणही ते मृत्युदिनी करत.

तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन तर वाढदिवसांच्या विरोधातच होता. बायबलमध्ये आपला वाढदिवस साजरा करणारे कोण आहेत, तर फारो आणि हेरोद, संतांपैकी कोणी नाही, असे त्याचे म्हणणे होते. राजांचे वाढदिवस हा रोमन दरबारी रिवाज होता. ज्या राज्यसत्तेकडून छळ सोसावा लागत होता तिच्या रिवाजांपासून दूर राहावे, असे ख्रिस्ती लोकांना वाटणे स्वाभाविक होते.

३. २५ डिसेंबर ही तारीख

नाताळच्या तारखेचा सर्वांत जुना भक्कम पुरावा रोममधील आहे. इ. स. ३५४ मध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात ख्रिस्ताचा जन्मदिवस २५ डिसेंबर असा नोंदला आहे. त्यातील ती यादी इ. स. ३३६ च्या सुमाराची असावी, असे अभ्यासक मानतात.

हीच तारीख का, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ख्रिस्ती सणाने सूर्यपूजेच्या सणाची जागा घेतली. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्य' या देवतेच्या उपासनेला राजाश्रय दिला. रोमन पंचांगात उत्तरायणाचा आरंभ २५ डिसेंबरला धरला जाई. वर उल्लेखिलेल्या संग्रहातच दुसऱ्या ठिकाणी त्या दिवशी अजिंक्य सूर्याचा उत्सव नोंदला आहे. दुसरे मत गणिताचे आहे. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या लेखकाने येशूच्या मृत्यूचा दिवस २५ मार्च धरला होता. गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तारखेला झाले असे मानले, तर त्यापुढे नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. ऑगस्टीनच्या लेखनात हा हिशेब स्पष्ट दिसतो.

या दोन मतांपैकी एकच खरे असले पाहिजे असे नाही. पूर्वेकडील चर्चमध्ये मात्र ६ जानेवारीचा 'प्रकटीकरणाचा सण' अधिक जुना होता. त्यात जन्म, ज्ञानी लोकांचे आगमन आणि येशूचा बाप्तिस्मा यांचे स्मरण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे होई. आर्मेनियन चर्च आजही जन्माचा सण ६ जानेवारीलाच पाळते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ ७ जानेवारीला येतो, त्याचे कारण वेगळे आहे. तेथे जुने ज्युलियन पंचांग चालते आणि ते आजच्या पंचांगापेक्षा १३ दिवस मागे आहे.

४. वादातून घडलेले वाक्य

चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियातील एरियस या धर्मगुरूने असे मांडले की पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे, पित्याच्या तोडीचा देव नाही. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे, असा निर्णय तेथे झाला. पुत्राने देह घेतला आणि तो माणूस झाला, ही शब्दयोजनाही त्या श्रद्धासारात आली. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या श्रद्धासारात पवित्र आत्मा आणि मरिया यांचे उल्लेख त्या वाक्यात आले. आज म्हटले जाते ते हेच वाक्य.

हा वाद केवळ शब्दांचा होता का? अलेक्झांड्रियाचा अथनेशियस म्हणे की माणसाला मृत्यूपासून सोडवणे हे निर्माण केलेल्या कोणाचेही काम नाही, ते देवच करू शकतो. म्हणजे ख्रिस्त देव नसेल तर तारण नाही. थोड्याच वर्षांत उलट बाजूची अडचण उभी राहिली. अपोलिनारिस म्हणू लागला की ख्रिस्ताचा देह मानवी, पण त्यात मानवी मनाच्या जागी दैवी लोगोस होता. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरीने उत्तर दिले. ख्रिस्ताने माणसाचा जो अंश स्वीकारलाच नाही, तो अंश बरा कसा होणार, असा त्याचा मुद्दा होता. पाप मनातही शिरते; म्हणून मनही स्वीकारायला हवे. म्हणजे ख्रिस्त पूर्ण माणूस नसेल तरी तारण नाही.

पुढे इ. स. ४३१ मध्ये एफिससच्या परिषदेने मरियेला 'देवमाता' म्हणणे योग्य ठरवले आणि नेस्टोरियसला दोषी धरले. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने एकाच ख्रिस्तात पूर्ण देवत्व आणि पूर्ण मनुष्यत्व ही दोन स्वरूपे आहेत, त्यांची सरमिसळ होत नाही आणि ती अलगही होत नाहीत, असे सूत्र दिले. ते सर्वांना मान्य झाले नाही आणि पूर्वेकडील काही जुन्या चर्च त्यामुळे वेगळ्या झाल्या.

आता सणाकडे परत येऊ. कॉन्स्टँटिनोपल शहर अनेक वर्षे एरियसपंथी बिशपांच्या ताब्यात होते. तेथे इ. स. ३८० च्या सुमारास जन्मोत्सवाचे प्रसिद्ध प्रवचन दिले ते याच ग्रेगरीने. इ. स. ३८६ मध्ये अंत्युखियात जॉन क्रिसोस्टोमने आपल्या प्रवचनात सांगितले की हा सण आपल्याकडे माहीत होऊन अजून दहा वर्षेही झालेली नाहीत. पूर्वेत नाताळ रुजण्याचा काळ आणि नायसियाचा पक्ष प्रबळ होण्याचा काळ असा जुळतो. सामान्य माणूस परिषदेचे ठराव वाचत नव्हता. सण मात्र तो दरवर्षी पाळत होता. जन्मलेले बाळ कोण आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याला सणातून मिळत गेले.

५. सिद्धांत उपासनेत कसा उतरला

पाचव्या शतकात रोमचा पोप लिओ पहिला (कार्यकाळ ४४०–४६१) याची नाताळची दहा प्रवचने आपल्याकडे उपलब्ध आहेत. कॅल्सिडॉनच्या परिषदेत ज्याच्या पत्राला मोठे वजन मिळाले तो हाच लिओ. एका प्रवचनात तो तक्रार करतो की काही ख्रिस्ती लोक संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढून आले की आत जाण्यापूर्वी मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. धर्म बदलला तरी सवयी लगेच बदलत नाहीत, याचा हा बोलका पुरावा आहे.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिल्या ग्रेगरीच्या काळापर्यंत नाताळला तीन मिस्सा करण्याची रोमन प्रथा पक्की झालेली दिसते : मध्यरात्री, पहाटे आणि दिवसा. या तीन मिस्सांमधील शुभवर्तमानाचे पाठ पाहा. मध्यरात्री लूकमधील जन्मकथा, पहाटे मेंढपाळ बाळाला पाहायला जातात तो भाग आणि दिवसा योहानाचा पहिला अध्याय, जेथे ना गोठा आहे ना मेंढपाळ, फक्त लोगोस आहे. एका दिवसात उपासक गव्हाणीपासून विश्वाच्या आरंभापर्यंत जातो. ज्याला रात्री गव्हाणीत पाहिले तोच आरंभापासून होता, हे सांगणारी ही रचना आहे. सिद्धांत समजावून सांगण्याऐवजी तो पाठांच्या क्रमात बसवला आहे.

६. ग्रेचो, इ. स. १२२३

मध्ययुगाच्या उत्तरार्धात जोर पुन्हा देहाकडे वळला. इ. स. १२२३ च्या नाताळला असिसीच्या फ्रान्सिसने मध्य इटलीतील ग्रेचो या गावी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणवले आणि तेथे रात्रीची मिस्सा करवली. फ्रान्सिस स्वतः डीकन होता. त्याने शुभवर्तमान गायले आणि प्रवचन केले. त्याचे चरित्र लिहिणारा सेलानोचा थॉमस सांगतो की बाळाला सोसावी लागलेली गैरसोय डोळ्यांनी पाहावी, ही त्याची इच्छा होती.

येथे एक बारकावा आहे. लूकच्या कथेत बैल आणि गाढव नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायावरून ख्रिस्ती परंपरेत आले, आणि ग्रेचोच्या कितीतरी आधी चित्रा-शिल्पांत दिसतात. फ्रान्सिसने नवे केले ते हे की चित्रातील दृश्य गवताच्या वासासकट गावकऱ्यांसमोर आणले. आज वसईत, गोव्यात किंवा मंगळूरला घरोघरी मांडला जाणारा गोठा याच परंपरेतला आहे. देव माणूस झाला म्हणजे थंडीत कुडकुडणारे गरिबाचे मूल झाला, हा अर्थ त्यातून लोकांपर्यंत पोहोचला.

७. सण नाकारणारे ख्रिस्ती

देहधारण मानणारे सर्वच ख्रिस्ती नाताळ पाळत आले, असा समज करून घेऊ नये. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर लुथरच्या अनुयायांनी सण ठेवला. इंग्लंडमधील प्युरिटन लोकांचा मात्र आक्षेप होता की बायबलमध्ये ना तारीख आहे ना आज्ञा, आणि लोक त्या दिवशी खाण्यापिण्यात व जुगारात वेळ घालवतात. इ. स. १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाताळचा सण रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत इ. स. १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरला. हा कायदा इ. स. १६८१ मध्ये रद्द झाला. सिद्धांत तोच ठेवून सण नाकारता येतो, हे यावरून दिसते. उलट आज सिद्धांताचा गंधही नसताना सण पाळला जातो, हे आपण दुकानांच्या सजावटीत पाहतोच.

८. भारतातील तीन संदर्भ

(अ) केरळ. भारतातील सर्वांत जुनी ख्रिस्ती परंपरा केरळच्या संत थोमा ख्रिस्ती समाजाची आहे. कॅल्सिडॉनचे वाद तेथे पुस्तकी नाहीत. या समाजाचे जुने संबंध पूर्व सिरियाक चर्चशी होते, आणि त्या चर्चला इतर ख्रिस्ती दीर्घकाळ नेस्टोरियसच्या नावाने ओळखत. इ. स. १६५३ मध्ये पोर्तुगीज जेझुइटांच्या वर्चस्वाविरुद्ध कूनन क्रॉसची शपथ झाली. त्यानंतर समाजातील एका भागाने कॅल्सिडॉन न मानणाऱ्या पश्चिम सिरियाक चर्चशी नाते जोडले. त्यामुळे आज केरळच्या एकाच गावात देहधारणाची वेगवेगळी सूत्रे मानणाऱ्या परंपरांची चर्च सापडू शकतात. मलंकरा परंपरेत नाताळच्या उपासनेत चर्चबाहेर क्रुसाच्या आकाराचा खड्डा करून त्यात अग्नी पेटवतात आणि झावळ्यांच्या रविवारची सुकलेली पाने त्यात टाकतात. इ. स. १९९४ मध्ये रोमचे पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्व सिरियाक परंपरेचे प्रमुख चौथे मार दिन्खा यांनी संयुक्त घोषणा करून ख्रिस्ताविषयीची आपली श्रद्धा एकच असल्याचे मान्य केले. पंधराशे वर्षांपूर्वीचा कलह बराचसा भाषेचा होता, असे यातून दिसते.

(आ) गोवा. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत होता. त्याची पार्श्वभूमीही सांगितली पाहिजे. सालसेतमधील देवळे त्याआधी पाडली गेली होती, धर्मन्यायालय सुरू झाले होते आणि नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्या जागी वाचायला काही हवे, या मागणीतून हा ग्रंथ उभा राहिला. स्टीफन्सने परमेश्वर, वैकुंठ असे परिचित शब्द वापरले आणि काही पोर्तुगीज संज्ञा तशाच ठेवल्या. आपला 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज 'नाताल'वरून, म्हणजे लॅटिनमधील 'जन्माचा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे.

(इ) अवतार की देहधारण? भारतीय विद्यार्थ्याच्या मनात हा प्रश्न येतोच, आणि तो योग्य आहे. देव पृथ्वीवर जन्म घेतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. साम्य खरे आहे, पण फरकही पाहायला हवेत. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायानुसार धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा भगवंत प्रकट होतो, म्हणजे अवतार अनेक. ख्रिस्ती मतानुसार देहधारण एकदाच. रामानुजांच्या परंपरेत अवताराचा देह प्रकृतीच्या त्रिगुणांचा नसून दिव्य द्रव्याचा मानला जातो. ख्रिस्ती मतात मात्र देह आपल्यासारखाच, मरणाधीन असावा यावर सगळा भर आहे, आणि पुनरुत्थानानंतरही तो टाकला जात नाही. कोणती कल्पना श्रेष्ठ, हे ठरवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नाही. एकीला दुसरीचे नाव दिल्याने दोन्ही धूसर होतात, एवढे मात्र त्याच्या लक्षात यायला हवे.

भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी हा प्रश्न दोन प्रकारे हाताळला. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) यांनी देहधारणावर संस्कृत स्तोत्र रचले, पण अवतार आणि देहधारण या वेगळ्या कोटी आहेत असे मानले. मद्रासचे व्ही. चक्कराई (१८८०–१९५८) यांनी उलट 'अवतार' हाच शब्द स्वीकारला. मात्र हा अवतार संपणारा नाही, कायमचा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. एकाने शब्द बाजूला ठेवला, दुसऱ्याने शब्द घेऊन अर्थ बदलला. नायसियातही हेच झाले होते. 'एकतत्त्व' हा शब्द बायबलमध्ये नाही. तो ग्रीक विचारविश्वातून घेऊन नव्या अर्थाने वापरला गेला.

समारोप

या पाठात आपण पाहिले की नाताळ हा सण एका जन्मतारखेतून वाढला नाही. तारीख तर कोणाला ठाऊकच नव्हती. जन्मलेला कोण, या प्रश्नावरील दीर्घ वादाबरोबर तो वाढला. कधी देवत्वाची बाजू जड झाली, कधी देहाची. दोन्ही एकत्र धरण्याचा प्रयत्न तीन मिस्सांत आहे, ग्रेचोच्या गवतात आहे आणि केरळच्या अग्नीतही आहे.

माझ्या वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, आम्ही ख्रिस्ती नाही, मग हे आम्हाला कळून काय उपयोग?" मी तिला एवढेच सांगितले की शेजाऱ्याच्या घरचा फराळ आपण आनंदाने खातो, पण तो गुडघे कशासाठी टेकतो हे कळेपर्यंत त्याची आपली खरी ओळख झालेली नसते. पुढच्या डिसेंबरात ती मैत्रिणीबरोबर मध्यरात्रीच्या मिस्सेला गेली. परत आल्यावर म्हणाली, "त्या वाक्याशी सगळे खाली बसले तेव्हा फक्त मीच उभी होते, आणि का ते मला माहीत होते."

स्वाध्याय

१. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्तजन्माचा सण साजरा होत असल्याचा पुरावा मिळत नाही. त्यामागील संभाव्य कारणे लिहा.
२. २५ डिसेंबर या तारखेविषयीची दोन मते सांगून त्यांची तुलना करा.
३. अथनेशियस आणि नाझियान्झसचा ग्रेगरी यांचे युक्तिवाद परस्परपूरक कसे आहेत?
४. नाताळच्या तीन मिस्सांतील पाठांचा क्रम देहधारणाचा सिद्धांत कसा व्यक्त करतो?
५. तुमच्या मातृभाषेत देहधारणासाठी कोणता शब्द वापरतात? त्या शब्दाच्या इतर अर्थछटा शोधून टिपण लिहा.